हक्काचा खड्डा

डेल्सफर्ड, १४ जून १८६१

सेराफिना आन्जेला पेद्रोली,

सोन्याच्या या मुलखात खड्डा एक दिवस ओस पडला, की तो कोणीही बळकावू शकतो. म्हणून तुझ्या तापातही मी खणायला निघालो.

"जा हो, मी कुठं पळून जातेय?" तू म्हणालीस.

संध्याकाळी परतलो, तेव्हा तू गेली होतीस. आपली रोझिना म्हणाली, "बाबा, आईनं दोनदा विचारलं, आले का म्हणून."

दफनाच्या दिवशी मी खणायला गेलो नाही. शेजारच्या बात्तिस्ताने बजावले, "जाकोमो, खड्डा गेला म्हणून समजा!" तो गेला. तो एक दिवस आधीच जाऊ द्यायला हवा होता.

रोझिनासह आज बंदराकडे निघत आहे. दाराला कुलूप लावले. किल्ल्या घरमालकिणीस परत केल्या.

तुझा,
जाकोमो