अकरा दिवसांच्या गोळ्या

दि. ९ नोव्हेंबर, शनिवार

ती. ताई,

नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत हे विचारायचं चौदा महिने राहूनच गेलं. आम्ही इकडे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. हे सध्या दवाखान्यात आहेत. त्याचं पुढे सांगते.

आधी बातमी. अपील मंजूर झालं. तुमच्या भावाचा मनाचा आजार फौजेतल्या नोकरीमुळेच झाला, हे सरकारने शेवटी कबूल केलं. साठ टक्के अपंगत्व, कायमचं. आता पेन्शन मिळेल आणि लष्करी रुग्णालयात जन्मभर उपचार होतील. सात वर्षं ज्या कागदासाठी उंबरे झिजवले तो माझ्यासमोर आहे. कृपा करून कुणाचं तोंड गोड करू नका.

मी फोन उचलणं का बंद केलं, ते तुम्हाला ठाऊक असेल किंवा नसेल. नसेल तर आज ऐका. पहिल्या वैद्यकीय बोर्डाच्या वेळी घरच्या माणसाचं निवेदन लागत होतं आणि तुम्ही चार पानं लिहून पाठवलीत. इतक्या मायेने, की वाचताना मला रडू आलं. तुम्ही लिहिलंत, तो लहानपणापासून हळवा, शेजारचं कुत्रं मेलं तर दोन दिवस जेवला नाही, गर्दीत माझा हात सोडायचा नाही. बोर्डाने नेमकं तेवढंच उचललं. ‘स्वभाव मुळातच दुर्बल, आजार भरतीपूर्वीचा, सेवेशी संबंध नाही.’ एकोणीस वर्षं हा माणूस बर्फात आणि चिखलात उभा राहिला. पुलावर त्यांच्या पुढची गाडी उडाली, आतली माणसं त्यांनी स्वतःच्या हातांनी गोळा केली. आणि आजार कशाने झाला? तर कुत्र्याने. तुम्ही प्रेमाने लिहिलंत हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर राग जास्त आला.

पण सगळं खापर तुमच्या डोक्यावर फोडलं, त्यात माझा वाटा मी लपवला. त्या बोर्डाला मी ह्यांना नटवून नेलं होतं. गुळगुळीत दाढी, कडक इस्त्री, बूट असे की तोंड दिसावं. मी दिवसभर कारखान्यात शर्टांना कॉलर लावते, नवऱ्याला चुरगळलेल्या शर्टात साहेबांसमोर नेईन होय? डॉक्टरांनी विचारलं, झोप लागते का. ‘ठीक आहे, साहेब.’ भूक? ‘ठीक आहे, साहेब.’ भीती वाटते? ‘नाही, साहेब.’ समोर वरिष्ठ बसला की ह्यांचे पाय जुळतात आणि तोंडातून तेवढंच निघतं. घरी हाच माणूस बिछाना सोडून दाराला पाठ लावून बसतो, ते कोणाला दिसणार? निकालात लिहिलं होतं, पोशाख नीटनेटका, वागणूक सहकार्याची. माझी इस्त्रीसुद्धा आमच्याविरुद्ध पुरावा झाली.

दुसऱ्या वेळी सैनिक कल्याण कचेरीतला कारकून फाईल बांधता बांधता मला म्हणाला, "बाई, या खेपेला त्यांना बरं करून आणू नका." भला माणूस आहे, स्वतः एका पायाने अधू. दाढी वाढू द्या, साधे कपडे घालू द्या, एवढंच त्याच्या मनात असणार. मी त्याच्याही पुढे गेले.

मध्येच उठून कपडे वाळत घालून आले. फरशी पुसली. पुसायला काही झालं नव्हतं.

ताई, फेरतपासणीच्या आधी अकरा दिवस मी ह्यांच्या गोळ्या बंद केल्या. त्यांना न सांगता. गोळी ते माझ्याच हातून घेतात. हात पुढे करतात, मी ठेवीन ती तोंडात टाकतात. मी तशाच पांढऱ्या, ताकदीच्या गोळ्या द्यायला लागले. पाचव्या दिवशी तळहाताकडे बघत म्हणाले, ही जरा वेगळी दिसते. मी म्हटलं, कंपनी बदललीय. बरं म्हणाले आणि गिळली.

आठव्या दिवसापासून गल्लीत कचऱ्याची गाडी आली तरी भिंतीला चिकटून उभे राहायचे. जेवताना ताट घेऊन कोपऱ्यात जायचे. मला दिसत होतं सगळं. दिसत होतं आणि मी मनात म्हणत होते, आता तीनच दिवस. अशी बाई आहे मी.

बोर्डात तीन डॉक्टर होते, मधल्या खुर्चीत एक बाई. प्रश्न सुरू व्हायच्या आत शिपायाने लोखंडी कपाटाचं दार आपटलं. तेवढं पुरलं. तुमच्या भावाने त्या बाईंना खांद्याला धरून टेबलाखाली ओढलं आणि त्यांच्यावर आडवे पडले. मारायला नाही हो, वाचवायला. दोघे डॉक्टर भिंतीशी जाऊन उभे राहिले. पूल कुठला, गाडी कितवी, कोण कुठे पडलंय, कोणाचा आवाज अजून येतोय, सगळं ह्यांनी तिथून ओरडून सांगितलं. जे मला सात वर्षांत सांगितलं नव्हतं ते. बाई तशाच पडून राहिल्या आणि ह्यांचं मनगट धरून हळूहळू बोलत राहिल्या. फायलीतल्या कागदांनी जे झालं नाही ते वीस मिनिटांत झालं.

आणि बाहेर आल्यावर मला आनंद झाला. पाच मिनिटं असेल, पण झाला. तेही लिहून टाकते.

त्याच दिवशी खऱ्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण घडी बसली नाही ती नाहीच. आज पंचवीस दिवस हे वॉर्डात आहेत. तिथली डॉक्टर तरुण मुलगी आहे, मनापासून बघते. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, मधे गोळ्या चुकल्या होत्या का. मी म्हटलं, एकही नाही. मग तिने धरलं की जुनं औषध आता लागू पडत नाही. ते काढलं आणि जड औषध सुरू केलं. आता ह्यांचा हात इतका थरथरतो की पाण्याचा पेला मी धरते. जीभ जड झालीय, मान वर होत नाही. ती मुलगी माझ्या एका शब्दावर उपचार करतेय, ताई, आणि तो शब्द खोटा आहे. खरं सांगितलं तर तिला ते केसपेपरवर लिहावं लागेल, आणि तो केसपेपर बोर्डाकडे जातो. मग मंजुरी टिकेल की जाईल, हे कारकुनाला विचारायचीसुद्धा माझी छाती होत नाही.

काल भेटीच्या वेळी मी ह्यांना पाणी पाजलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "माझ्यामुळे अपील गेलं ना? मी नीट उभं राहायला हवं होतं. माफ कर मला." मी सांगितलं, अहो, मंजूर झालंय. तर म्हणाले, मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस. कितीतरी दिवसांत मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य होतं.

अकरा वाजता डॉक्टर फेरीवर येते. तिला सांगायचं असं मी चार दिवस ठरवतेय आणि चार दिवस दारातून परत फिरतेय. फोनवर तुमच्याशीही हे माझ्या तोंडून निघालं नसतं. म्हणून हे पत्र. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर टपालपेटी आहे. आधी हे तिच्यात टाकणार आणि मगच आत जाणार. एकदा पडलं की मला ते काढता येणार नाही, आणि तुम्ही ऐकून गप्प बसणाऱ्यांतल्या नाही हे मी पुरतं जाणून आहे. आज माझी जीभ पुन्हा अडखळली, तर तुम्ही या आणि त्या मुलीला सांगा. माझी भीड धरू नका.

पेन्शन गेली तर जाऊ दे, असं लिहिणार होते. पण ते खोटं होईल. जाऊ नये असं मला या घडीलाही वाटतंय.

तुमचा भाऊ जिच्या हातून न बघता गोळी घेतो, ती

तुमची भावजय