महिनाभराची घंटा

टॅला, डब्लिन
४ मार्च २०१२

प्रिय पद्मजा,

'प्रिय' हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. राहू दे.

तुझं पुस्तक मिळालं. तू पाठवलं नाहीस, उपेंद्रने पाठवलं. हो, आपल्या इतिहास विभागातला तोच उपेंद्र, ज्याला आपण दोघींनी एकजुटीने दहा वर्षं विभागप्रमुख होऊ दिलं नाही. आता त्या खुर्चीवर तू बसतेस म्हणे. अभिनंदन. मुखपृष्ठावर फ्लॉरेन्सची तटबंदी छान आली आहे. खाली नाव एकच आहे.

चार वर्षांपूर्वी शिरीषच्या नोकरीपायी मी इकडे आले, तेव्हा अकरापैकी सात प्रकरणं माझ्या वहीत लिहून तयार होती. तिची झेरॉक्स तुझ्या हवाली केली. विमानतळावर माझे हात धरून तू म्हणालीस, तू निश्चिंत जा, नाव दोघींचं. इथे मला नोकरीची परवानगी मिळाली नाही. लायब्ररीच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात शिरीषने परस्पर 'गृहिणी' लिहून टाकलं, तेही मी मुकाट्याने पाहिलं, कारण पुण्यात माझं पुस्तक होतं. आता बघते तर प्रस्तावनेत 'काही टिपणं पुरवणाऱ्या परदेशस्थ मैत्रिणीचे' आभार आहेत. मैत्रिणीला नावसुद्धा नाही. केतकीला दाखवलं, तर आमचं कन्यारत्न इथल्या पोरांच्या बोलीत म्हणालं, इट्स ग्रँड, मॅम, इट्स ओन्ली अ बुक. म्हणजे, जाऊ दे गं आई, पुस्तकच तर आहे. तिच्यावर उगाचच ओरडले.

फ्लॉरेन्सची शेजारच्या सिएना शहराबरोबरची ती मोठी लढाई तू श्रावणी सोमवारी झाल्याचं छापलं आहेस. अगं, ती शनिवारी झाली. सोमवार मी घातला होता, वर्गातल्या पोरांच्या लक्षात राहावं म्हणून, आणि वहीत दुरुस्त करायचा राहून गेला. ढापताना निदान तपासायचं तरी.

एक परिच्छेद मात्र तू गाळलास. फ्लॉरेन्सने ज्यांना घरं पाडून हाकललं, ते शत्रूला, सिएनाला जाऊन मिळाले आणि त्यांनी स्वतःच्याच शहराला धूळ चारली. मग जिंकलेले सगळे म्हणाले, फ्लॉरेन्स जमीनदोस्त करू. हाकललेल्यांचा पुढारी एकटा उभा राहिला आणि त्याने शहर वाचवलं. इथवर तू छापलंस. पुढे काही वर्षांनी त्याच शहराने त्याच्या घराण्याला पुन्हा हद्दपार केलं, त्यांची घरं पुन्हा पाडली. हे काढून टाकलंस. तुला ते का नको होतं, ते मला कळतं.

पुस्तकासोबत उपेंद्रची चिठ्ठी होती. मूळ वही पाठवा, पुढचं मी बघतो. तो काय चीज आहे हे मी विसरलेले नाही. त्याला माझं नाव नको, तुझी खुर्ची हवी. पण फ्लॉरेन्सच्या त्या लोकांचं तरी सिएनावर कुठे प्रेम होतं? घरी परतायला दुसरी वाट नव्हती, म्हणून ते शत्रूच्या दारात गेले. मला तुझा राग येतो, आणि त्याहून जास्त तुझी आठवण येते, याचा आणखी राग येतो.

तिसऱ्या प्रकरणातली घंटा आठवते? फौज निघण्याआधी फ्लॉरेन्सवाले महिनाभर ती वाजवत ठेवायचे, शत्रू बेसावध राहू नये म्हणून. कँटीनमध्ये मी वाचून दाखवलं, तेव्हा तू हसून म्हणालीस, हे कसले शत्रू, हे तर शेजारी. पद्मजा, हे पत्र म्हणजे ती घंटा आहे. वही पाकिटात घातली आहे, वर उपेंद्रचा पत्ता लिहिला आहे, आणि पाकीट स्वयंपाकघरातल्या कपाटात चहाच्या डब्यामागे ठेवलं आहे. पुढच्या आवृत्तीवर दोघींची नावं येतील असं प्रकाशकाचं पत्र आलं, तर ते तिथेच राहील. नाहीतर चार एप्रिलला मी पोस्टात जाईन.

एकेकाळची तुझीच,
अलकनंदा