राक्षसाचे सुळे आणि आप्पांची माळ

उंब्रज, चैत्र वद्य ४, सन १९४६

संध्याकाळपासून डोकं तापलं आहे. यात्रेच्या नाटकातल्या राक्षसाचे सुळे मी आधी करवंटीचे केले होते, पण वर लावलेला चुना थुंकीनं सुटायचा. म्हणून बोकडाच्या हाडाचे केले, कानशीनं घासून घासून. राक्षस होणार आप्पा. आवाज गडगडाटी, पण गळ्यात तुळशीची माळ, अंडंसुद्धा वर्ज्य.

आज तालमीत त्यांनी विचारलं, "कशाचं केलंस रं?"

मी बोलायच्या आतच नाटक बसवणारे मास्तर म्हणाले, "करवंटीचं हाय आप्पा. व्हय का न्हाई रं?"

मी "व्हय" म्हणालो. का म्हणालो? आप्पांनी सुळे आधी कपाळाला लावले, "लय झ्याक केलंस" म्हणाले आणि तोंडात घातले. कपाळाला लावले!

मागाहून मास्तर हसत म्हणतात, "गड्या, यात्रा परवावर आली. राक्षस काय बोळका नाचवायचा?"

त्यांना काय! बाटले ते आप्पा, आणि खोटं बोललो तो मी.

उद्या सकाळी जाऊन आप्पांना सांगणार. मारतील तर मारोत. नाटक अडलंच, तर मास्तरांनी स्वतःच्या तोंडात घालावेत ते सुळे.