शिडीवरच्या रंगाऱ्याला सुखरूप खाली उतरवण्याबाबत

लिहून देणार मी, धंदा रंगारी, शिक्षण सातवी (सहावी दोनदा धरली तर आठवी), राहणार कामावर जिथं ठेवतील तिथं, असं लिहून ठेवतो की माझं डोकं जागेवर आहे. पाय तेवढा नाही. उद्या त्यातली सळई काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे, आणि लगेच 'काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही' अशा कागदावर माझी सही घेतली. म्हणून हा माझाही कागद. कोणी दमदाटी केलेली नाही, दारू घेतलेली नाही, भूल अजून दिलेली नाही.

कलम एक. घर, जमीन, सोनं: नाही. पुढे चला.

कलम दोन. माझे ब्रश, रोलर आणि पुट्टीच्या पात्या खोलीतल्या सगळ्या रंगाऱ्यांना, पण गणिताच्या सरांच्या अटींवर. अटी समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आम्ही एका कॉलेजात गणिताच्या विभागाला रंग देत होतो. तिथले सर कॉलेजच्या पोरांसाठी गणिताचं पुस्तक लिहितात आणि नेटवर फुकट टाकतात. मी शिडीवरूनच विचारलं, "सर, विकत का नाही?" तर म्हणाले, "गणित काय माझ्या बापाचं आहे?" कोणीही घ्या, छापा, आतलं बदला, पुढे द्या. अटी दोनच. मूळ लिहिणाऱ्याचं नाव राहिलं पाहिजे, आणि पुढे देताना तितकंच मोकळं दिलं पाहिजे. तसेच माझे ब्रश. दांडे कापून लहान केले तरी चालतील, कुलपात घालू नयेत. मूळ मालकाचं नाव ठेवावं, नावं ठेवू नयेत.

कलम तीन. रंगाने कडक झालेली माझी पॅन्ट आपली आपण उभी राहते. ती कोपऱ्यात तशीच उभी ठेवावी. मुकादम लांबून हजेरी घेतो तेव्हा कामाला येते.

कलम चार. शिडी. हिला मी मावशी म्हणतो. घरी होतो तेव्हापासून सगळ्या शिड्यांना मावशीच म्हणतो, कारण आमची खरी मावशीही उंच, किडकिडीत आणि जरा टेकलं की कुरकुरणारी. मी कामासाठी घर सोडलं तेव्हा ती म्हणाली होती, "हा कुठे महिनाभर टिकला तर मला सांगा." मावशी, सांगतो. पडलो, पण टिकलो. उद्या निघणारी सळई तुला. दाराला अडसर म्हणून लाव.

पडलो तो त्या सरांच्याच खोलीत. शिडीचा पाय माझ्या जोडीदाराने धरला होता. त्याला सगळे 'हॅलो' म्हणतात. फोन वाजला, हॅलो हॅलो करत बाहेर गेला, आणि शिडीचा पाय सरकला. सरांनी मला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, रोज बघायला आले. माणूस देव आहे. पण त्यांनी ते पुस्तकात घातलं. 'शिडीला मावशी म्हणणारा एक रंगारी शिडीच्या टोकावर आहे. धरणारा फोनवर गेला आहे. शिडीचा पाय सारख्या वेगाने भिंतीपासून सरकतो आहे. रंगारी किती वेगाने खाली येईल?' सूत्राप्रमाणे जमिनीला टेकताना वेग अनंत होतो म्हणे. सर म्हणाले, "प्रत्यक्षात तसं होत नसतं." मी म्हटलं, "सर, तुम्ही वर नव्हता."

घरी मी पाय मुरगळलाय एवढंच सांगितलं होतं. पण पुस्तक फुकट, त्यामुळे कुठेही जातं. ते माझ्या धाकट्या बहिणीच्या कॉलेजात गेलं. तिचा फोन आला.

"दादा, तू शिडीवरून पडलास?"

"कोण म्हणतं?"

"प्रकरण चौथं. शिडीला मावशी म्हणणारा दुसरा कोण आहे जगात?"

तेवढ्यात आईने फोन ओढला. "मुरगळलाय काय रे मेल्या! सगळ्या वर्गाला ठाऊक, मागच्या पानावर उत्तरसुद्धा छापलंय, आणि आईला पत्ता नाही!" मग आवाज खाली आला. "दरवर्षी नवी पोरं येणार आणि माझ्या पोराला पाडणार. आधी त्याला खाली उतरव. तोवर मला फोन करू नकोस."

तेव्हापासून आई बोललेली नाही. उद्या मला भूल देणार, आणि ती बोललेली नाही.

कलम शेवटचं, बहिणीला. मला ते एक्स-वाय कळत नाही, तुला कळतं. ते उदाहरण तू बदल. सरांची परवानगी लागतच नाही, असं सरच म्हणाले. शिडीखाली हॅलोला उभा कर, दोन्ही हातांनी शिडी धरून. कलम चारमधली शिडी मी त्यालाच देतोय, जन्मभर धरू दे. काल तुला हे सांगितलं तर तू म्हणालीस, "अरे दादा, मग शिडी सरकणारच नाही. उत्तर शून्य येईल."

येऊ दे. शाळेत गणितात मला शून्यच मिळायचं, आणि बाई ते सगळ्या वर्गाला दाखवायच्या. या वेळी ते बरोबर आहे. मागच्या पानावर छाप आणि आईला दाखव.

उद्या मी शुद्धीवर आलो तर वरची सगळी कलमं रद्द. शेवटचं रद्द नाही.

ठिकाण: रंगाऱ्यांची खोली, खालची कॉट
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, जेवण झाल्यावर
सही: रंगारी (मूळ)

साक्षीदार पहिला, गणिताचे सर: ऑपरेशन खरोखरच किरकोळ आहे. उत्तर तपासलं, बरोबर आहे.

साक्षीदार दुसरा, हॅलो: वाचलं. सही करताना फोन वाजत होता. उचलला नाही.