प्रज्ञाच्या गाडीचा प्लग

८ फेब्रुवारी, रविवार
तीन दिवसांपासून गाडी सुरू व्हायला त्रास देते. प्लग काढला, तर तव्याच्या बुडासारखा काळा. लेक, प्रज्ञा, गांधीबागेत कापडाच्या दुकानात लागल्यापासून गाडी तिच्याकडे. मी बसने. दोघं गजू मिस्त्रीकडे गेलो.
गजूने तिला विचारलं, "कुठं कुठं फिरवतं वं?"
"घर अन् गांधीबाग. सुटीच्या दिवशी सदरला, मैत्रिणीकडे."
"मंग गरम प्लग टाकतो. हळू चालणाऱ्या गाडीची काजळी जाळते तो. ठंडा लंब्या रस्त्याले."
गरम टाकला.

१ मार्च, रविवार
इंजिन आतून ठोकतं. आज एकटाच घेऊन गेलो. प्लग पांढराफटक, टोक झिजलेलं. तीन आठवड्यांत!
गजूने उजेडात धरला. "हे गांधीबागेचं काम नाही भाऊ. गाडी लंबी पळून राहिली."
मी म्हटलं, पेट्रोल खराब असेल.
"पेट्रोलले काहून बदनाम करता?"
किलोमीटरचा काटा कधीचा बंद. पुन्हा गरम टाकला आणि अशीच पळाली, तर पिस्टन जाईल, पोरगी रस्त्यात अडकेल, म्हणाला. कोणता टाकू? उद्या सांगतो म्हटलं. गाडी तिथेच.

२ मार्च, सोमवार
सकाळी बुद्धवंदना. खोटं बोलणार नाही, हे शील रोज म्हणतो. प्र. शेजारी बसून म्हणते. आज त्या ओळीला तिचा आवाज बारीक झाला. की माझाच कान?
विचारलं तर खरं सांगेल. किंवा पुन्हा सदरची मैत्रीण सांगेल, आणि ते मला सोसणार नाही. तेवीस वर्षांची आहे.
तिच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तर गरम प्लग. आणि त्या विश्वासापायी ती कुठेतरी भर उन्हात गाडी ढकलत...
सायं. ठंडा टाकून आणला. मंदाला काही बोललो नाही. आईचा जीव.

८ मार्च, रविवार
प्र.ला म्हटलं, बस, प्लग बदलणं शिकवतो. आधी हातानेच फिरवायचा, मग पाना.
मंदा दारातून, "लेकीले मिस्त्री करता का आता?" आणि हसत आत गेली.
प्र. खाली मान घालून, हळूच, "भिवापूरच्या रस्त्यावर लय ठोकत होती, बाबा. या हप्त्यात नाही ठोकली."
भिवापूर म्हणजे इथून सत्तर-ऐंशी किलोमीटर.
मी म्हटलं, "जास्त आवळू नको. आटे जातात."
तिने पाना थांबवला. माझ्याकडे पाहत राहिली. मी विचारावं म्हणून असेल.
मंदाने आतून चहाला हाक दिली.