दादाच्या वहीतलं रीडिंग

प्रिय दादा,

खरं तर तीर्थरूप लिहायला हवं, पण तू म्हणाला असतास, "मला काय देव्हाऱ्यात बसवतोस काय रे?" म्हणून प्रियच. तू जाऊन दीड वर्ष झालं आणि मी आज पहिल्यांदा तुला पत्र लिहितोय. एकाच खोलीत वरखाली पलंगांवर अकरा वर्षं काढलेले दोघे भाऊ एकमेकांना पत्र कशाला लिहितील?

परवा आपल्या खोलीतला इक्बालभाई सुट्टीवरून परत आला. वहिनीनं त्याच्याकडे पिशवी दिली होती. कुळथाचं पीठ, आमसुलं आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली तुझी वही. आज शुक्रवार. इक्बालभाई जुम्म्याच्या नमाजाला गेलाय, आखातातल्या झिंजची ही आपली खोली रिकामी आहे आणि वही माझ्यासमोर उघडी आहे. सोमवारी इथल्या गावकरी मंडळातले सावंत गावी निघतायत. वही परत पाठवायची तर त्यांच्याच बरोबर, आणि कशी पाठवायची ते मला आज ठरवायचंय. म्हणून हे पत्र. तुला विचारल्याशिवाय मी कधी काही ठरवलंय का?

ठरवलंय रे. एकदा ठरवलंय. त्याचंच हे सगळं आहे.

दोनशे पानी वही. प्रत्येक पानावर पट्टीनं रेघा मारलेल्या, हुबेहूब आपल्या प्लांटच्या लॉगशीटसारख्या. तारीख, वेळ, रीडिंग, शेरा. शेवटी शिफ्ट बदलताना करायच्या सहीचे दोन रकाने : चार्ज दिला, चार्ज घेतला. फक्त प्रेशर आणि टेंपरेचरच्या जागी तू लिहिलंयस, 'दुखणं'.

वहिनीनं मला सांगितलंय ती वही कशी सुरू झाली. तू कंबर दुखते म्हणून गावी गेलास आणि कॅन्सर हाडांपर्यंत पोचलाय असं निघालं. मुंबईच्या डॉक्टरांनी आता घरीच राहा म्हटलं. मग तालुक्याच्या त्या छोट्या केंद्रातून मनाली सिस्टर स्कूटरवरून यायला लागली. बरी न होणारी माणसं घरी जाऊन बघायची, हेच तिचं काम. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "काका, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सोसवतच नाही. आत्ता किती?" तू म्हणे पडल्या जागी उठून बसलास! सित्र्याच्या प्लांटमध्ये पंचवीस वर्षं गेजचे काटे वाचलेल्या माणसाला शेवटी कुणीतरी कळेल असं विचारलं होतं. त्याच दिवशी तू वही आणायला सांगितलीस.

तुला माझा पहिला उन्हाळा आठवतो? मी नवा होतो, उकाड्यानं जीव नकोसा झालेला. दुपारच्या फेरीला न जाता मी केबिनमध्ये एसीखाली बसून सगळी रीडिंग भरली. नेमका एक कंप्रेसर त्या दुपारी दुरुस्तीला बंद होता आणि मी त्याचं प्रेशर लिहून मोकळा! तू शीट बघितलीस. ओरडला नाहीस. माझं हेल्मेट माझ्या हातात दिलंस आणि म्हणालास, "यल्ला. चल."

मआमीर गावाच्या अंगाला असलेल्या शेवटच्या टाकीपर्यंत तू मला चालवत नेलंस. तुझी शिफ्ट संपली होती, तुझी बस निघून गेली होती. प्रत्येक गेजसमोर उभं केलंस. "विल्या, गेजसमोर उभं राहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. कुणी ओरडून सांगितला तरी नाही." मी नंतर कधी लिहिला नाही. प्लांटमध्ये तरी.

आणि घरी? वहिनीचा फोन आला तेव्हा मी डबा हातात धरून बसची वाट बघत होतो. ती म्हणाली, केंद्राच्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्यात, सिस्टर घेऊन आल्यात, सुरू करू का? मी भडकलोच. "मॉर्फिन? ती नशा आहे वहिनी! ते सुरू झालं की माणूस खलास. अजिबात द्यायचं नाही. मी इथल्या डॉक्टरांना विचारलंय."

दादा, मी कुणालाच विचारलं नव्हतं.

फोनवर कुणीतरी पाठवलेला एक व्हिडिओ बघितला होता, बस्स. खरं कारण वेगळंच होतं. त्या औषधाचं नाव ऐकलं आणि मला कळलं की तू आता खालच्या पलंगावर परत येणार नाहीस. ते मला ऐकायचं नव्हतं, म्हणून मी औषधालाच नको म्हटलं. सिस्टरनं तुला समजावलं होतं म्हणे, "काका, दुखणं तुमचं आहे, भावाचं नाही." आणि तू तिला सांगितलंस, "विलास तिकडच्या मोठ्या डॉक्टरांना विचारून सांगतो." किती अभिमानानं सांगितलं असशील!

तुझ्या वहीत त्या दिवशीचा शेरा आहे : 'विलासचा फोन. गोळी नको म्हणतो. ठीक.' त्याखाली आकडे. सकाळी आठ. दुपारी आठ. संध्याकाळी नऊ. दुसऱ्या दिवशी आठ, नऊ, नऊ. नऊ दिवस, नऊ पानं. अक्षर रोज थोडं थोडं खाली घसरत गेलंय.

आणि रोजच्या शेऱ्यात एक ओळ : 'विलासला फोनवर दोन सांगितलं.'

मला आठवतंय ना! मी रोज विचारायचो, "आज किती?" आणि तू म्हणायचास, "दोन असेल. फार नाही रे." मला तू खोटं रीडिंग दिलंस आणि दिलं याची नोंद मात्र खरी ठेवलीस. तुझ्यासारखा माणूस असाच करणार. पण का केलंस? ज्यानं मला ऑगस्टच्या उन्हात शेवटच्या टाकीपर्यंत चालवलं, त्यानंच मला केबिनमध्ये बसू दिलं? एकदा तरी ओरडायचंस, "विल्या, आठ आहे, ये आणि बघ!" सहाव्या दिवसाच्या शेऱ्यात उत्तर आहे बहुतेक. 'त्याचं या आठवड्यात उंचावर काम आहे.' एवढंच लिहिलंयस. मी ती ओळ किती वेळा वाचली सांगू?

दहाव्या दिवशी वहिनीनं माझं ऐकायचं सोडलं. 'आज हिनं गोळी दिली. विलासला सांगू नको म्हणालो.' डॉक्टरांनी एकदा गोळी वाढवली, आणि मग गोळी सुरू झाल्यापासून चौथ्या दिवसाचं पान : 'रीडिंग तीन. पेज खाल्ली. दाढी केली. ओटीवर बसलो.'

त्या संध्याकाळचा फोन मला चांगला आठवतो. तुझा आवाज एकदम मोकळा होता. मी काय म्हणालो माहीत आहे ना? "बघ, मी सांगत नव्हतो? गोळीशिवायच बरं वाटायला लागलं की नाही?" आणि तू म्हणालास, "होय रे, तुझंच खरं."

शेऱ्यात लिहिलंयस : 'विलास खूश.'

दादा, हे वाचून मला हसू आलं आणि मग मी मोठ्यानं रडलो. इक्बालभाई स्वयंपाकघरातून धावत आला.

त्यानंतरचे दोन महिने मी सावकाश वाचले. दोन, तीन, दोन, एकदा पाच, परत दोन. फणस किती लागले. कोण भेटून गेलं. 'सिस्टरच्या स्कूटरचा मागचा ब्रेक ढिला. तिला सांगितलं. ऐकत नाही.' तीन आठवड्यांनी : 'तिनं ब्रेक करून घेतला.' मरणाच्या दारातही तुझं मेंटेनन्स सुरूच!

बाराव्याला मी आलो तेव्हा सिस्टर वहिनीशेजारी बसली होती. पेशंट गेल्यावरही येणारी नर्स मी पहिल्यांदाच बघितली. इथे परत आल्यावर मंडळाच्या बैठकीत मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, आपण गावी देवळाच्या सभामंडपाला पैसे देतो, कमानीला देतो, आता दोन वर्षं या केंद्राच्या मागे उभे राहूया. एक नर्स वाढू दे, एक स्कूटर वाढू दे. सगळे हो म्हणाले. दुसरी सिस्टर कामाला लागली, आणखी गावं होतायत. मंडळानं मला शाल-श्रीफळ दिलं. भावासाठी केवढं केलं म्हणून टाळ्या वाजल्या. आणि मी ती शाल घेतली रे! ज्या गोळीला मी नको म्हटलं होतं, तीच आता आमच्या मदतीनं घरोघर पोचते; आणि तुला आराम पडला तो तिनंच, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

आता सिस्टरला तुझी वही हवीय. घरच्या माणसांसाठी आणि नव्या नर्सेससाठी ती वर्ग सुरू करतेय. इतकं नीट कुणी लिहून ठेवत नाही, म्हणाली. वही द्यायच्या आधी वहिनीनं ती मला पाठवली. फोनवर म्हणाली, "भावोजी, त्यात तुमचं नाव आहे. सगळा तालुका वाचणार. नको वाटलं तर ती नऊ पानं काढून घ्या. मी सिस्टरांना काही बोलणार नाही."

लपवून काय करू? काल मी पट्टी आणि ब्लेड घेऊन बसलो होतो. मी कापली असती, तुझ्याइतक्याच सफाईनं. तेवढ्यात इक्बालभाईनं विचारलं, काय करतोस? मी वही त्याच्याकडे सरकवली. त्यानं ती नऊ पानं वाचली, चष्मा काढून पुसला. म्हणाला, "विलास, ही पानं काढलीस तर मागे काय राहिलं? एका माणसाला आराम पडला, एवढंच ना?" मग चष्मा परत लावत म्हणाला, "मी पण अम्मीचं सगळं इथनंच सांगतो रे. हे द्या, ते नको."

आज सकाळी त्यानं घरी फोन लावला. नेहमीसारखा हुकूम सोडला नाही. विचारलं, "अम्मी, दुखतंय किती? माझ्यासाठी कमी करून सांगू नको." मग अम्मी बोलायला लागल्या आणि इक्बालभाई नुसता ऐकत बसला.

मी ब्लेड ठेवून दिलं. पानं जातील, सगळी जातील. त्या वर्गात जी माणसं बसतील, त्यांच्या प्रत्येकाच्या घरी लांबून फोन करणारा एक विलास असणार. त्यांना तुझे ते नऊ दिवस कळायला हवेत. मला लाज वाटते, पण वाटू दे.

एकच गोष्ट वहीत सापडली नाही. तू माझ्यावर रागावला होतास का? एखाद्या शेऱ्यात तरी लिहायचंस. मला बरं वाटलं असतं.

आता तुला शब्द देतो. पुढच्या बैठकीत उभा राहून हे सगळं सांगेन, माझ्या तोंडानं, शाल परत करून. आणि पुढच्या सुट्टीत घरी आराम करत बसणार नाही. सिस्टरच्या स्कूटरवर मागे बसून तिच्याबरोबर घरोघर जाईन. खाटेशेजारी बसेन आणि विचारेन, किती? जो आकडा सांगतील तो समोर बसून ऐकेन.

तुझं शेवटचं पान उघडं आहे. 'सकाळ. दुखणं दोन. हे खरं आहे.' पुढे 'चार्ज दिला'च्या रकान्यात तुझी थरथरलेली सही. शेजारचा रकाना पहिल्या पानापासून रिकामाच आहे. त्यात मी आत्ता, पेनानं, सही केली.

चार्ज घेतला, दादा.

तुझा,
विल्या