न ऐकलेल्या बाजूची वाटणी

मी, सोफा-खुर्च्यांच्या गाद्या बांधणारी, वय बासष्ट, अविवाहित, हा मजकूर माझ्या राहत्या खोलीत खुर्चीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छाती साथ देत नाही, डोके देते. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. छातीबद्दल त्यात जे लिहिले आहे ते वाचून कोणी माझ्यासमोर चेहरा पाडू नये. मला कोणी धाक घातलेला नाही की लालूच दाखवलेली नाही. याआधी मी एक मृत्युपत्र केले होते, ते फाडले. का फाडले ते कलम पाचमध्ये येईल. खरे सांगायचे तर त्या एका कलमासाठीच हा सगळा खटाटोप आहे. घर, पैसा, हत्यारे यांचे काय, कुणीतरी घेतेच.

कलम एक. माझ्या देहाचे जे करायचे ते लवकर उरकावे. त्या वेळी संथ, हळवे, डोळ्यांत पाणी आणणारे काही वाजवू नये. मेटल, म्हणजे ते कर्कश गिटारांचे संगीत, वाजवावे, स्पीकर फाटेल इतक्या आवाजात. शाळा सुटल्यापासून मी मेटल ऐकत आले. काळा टी-शर्ट घालूनच दुकानात बसले. गिऱ्हाइके आधी बिचकली, मग सरावली. नातेवाइकांनी कानांवर हात ठेवले तरी हरकत नाही, आयुष्यभर त्यांनी माझ्या बाबतीत तेच केले आहे. मी गेले की त्यांच्यातल्या दोघांना तरी सुंठीवाचून खोकला गेल्यासारखे वाटेल. ते दोघे कोण हे त्यांना ठाऊक आहे.

कलम दोन. खालचे दुकान, वरच्या दोन खोल्या आणि बँकेत जे असेल ते, ही सर्व माझी स्वकष्टार्जित मिळकत माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या दिवंगत धाकट्या भावाच्या मुलीला मिळावी. ती प्रयोगशाळेत रक्त तपासते, गादीकामातले तिला ओ की ठो कळत नाही, तेव्हा दुकान विकायचे तर तिने खुशाल विकावे. मागची खोली मात्र तिने विकू नये, निदान कलम सहा पार पडेपर्यंत. वाकड्या सुया, ताणपट्टी आणि कात्र्या मी समोरच्या सुताराला आजच देऊन टाकल्या आहेत, या मृत्युपत्राने त्याला काही मिळत नाही. हातोडी दिली नाही. ती त्याने एकदा नेली होती आणि दांडा मोडून, वर 'आधीच तडकलेला होता' असे सांगून परत केली होती.

कलम तीन. माझ्या वहिनीला, म्हणजे भाचीच्या आईला, दुकानातला हिरवा सोफा द्यावा. तो तिचाच आहे. तिने गादी बदलायला पाठवला, त्यानंतर माझा भाऊ गेला आणि सोफा न्यायला ती आली नाही. मी दर दोन-तीन वर्षांनी त्याचे कापड बदलत राहिले. भाऊ गेल्यावर महिन्याभरात तिने त्याच्या गाण्यांच्या सगळ्या तबकड्या भंगारवाल्याला किलोच्या भावाने घातल्या. मी तिला नको नको ते बोलले. ती एवढेच म्हणाली, "तुमच्या त्या खोलीने माझा नवरा खाल्ला." सोफा तिने घ्यावा. खोलीत यायची तिला सक्ती नाही.

कलम चार. आता ती खोली.

दुकानाच्या मागे आहे. भिंतींना उरलासुरला फोम आणि जुना नमदा ठोकलेला आहे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी आणि धाकट्यानेच, म्हणजे माझ्या त्या भावानेच, तो ठोकला. महिन्यातून एका रविवारी दुपारी तिथे आम्ही चौघे जमायचो: मी, धाकटा, बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणारा आमचा मित्र, ज्याला सगळे भोंगा म्हणतात, आणि दंतवैद्य. दंतवैद्याची ओळख एका मेटलच्या कार्यक्रमात झाली. गर्दीत कुणाचे तरी कोपर लागून धाकट्याचा दात पडला, तेव्हा शेजारी घामाघूम होऊन उड्या मारणारा एक गृहस्थ ओरडला, "दात दुधात टाका आणि सकाळी दवाखान्यात या!" दात वाचला. धाकटा तो सगळ्यांना ओठ वर करून दाखवायचा.

चौघेही हाडाचे मेटलवाले. पण त्या खोलीत मेटल वाजवायला बंदी होती.

झाले असे की धाकटा एकदा न सांगता वर आला, तेव्हा मी हेडफोन लावून एका बाईचा नुसत्या हार्पवरचा अल्बम ऐकत होते. मी झटकन बंद केला.

"ताई, हे काय?"

"काही नाही. कुणीतरी दिलंय."

"कुणीतरी दिलेलं ऐकताना कुणी रडतं होय?"

मी त्याला उशी फेकून मारली. दुसऱ्या दिवशी तो शर्टाच्या आत लपवून आपला एक अल्बम घेऊन आला. एका माणसाने बायको सोडून गेल्यावर स्वयंपाकघरात बसून साध्या टेपवर भरलेला, मधे नळ गळतोय, भांडे पडतेय, असला. म्हणजे ताकाला जाऊन भांडे लपवणारे आम्ही दोघेही होतो. विचारले तर भोंगाही त्यातलाच निघाला, आणि दंतवैद्य तर कपाट भरून. अशी बैठक सुरू झाली. पाळी ज्याची असेल त्याने मेटलबाहेरचा, बाकीच्यांनी न ऐकलेला एक अल्बम आणायचा. तो पूर्ण ऐकायचा. नाव शेवटी सांगायचे.

भोंग्याने पहिल्याच पाळीला खेळण्यातल्या पियानोवरची अंगाईगीते आणली. धाकटा हसला. दंतवैद्याने, जो तेव्हा नाकाने कांदे सोलण्यात पटाईत होता, नुसती भुवई उचलली. ज्याच्या आवाजाने स्थानकातली कबुतरे उडतात तो भोंगा टोपी घालून निघून गेला आणि पुढच्या दोन बैठकांना आलाच नाही. म्हणून मी नियम केला. दिवा बंद. प्रत्येकाची खुर्ची आपापल्या भिंतीकडे. आणणारा स्वतः उठेपर्यंत कुणी बोलायचे नाही, कुणी मागे वळायचे नाही. कुणाचा चेहरा कुणाला दिसणार नाही, मग लाज कसली? नियम माझा होता. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

नियम चांगला होता. भिंतीकडे तोंड करून भोंग्याची तीच अंगाईगीते पुन्हा ऐकली आणि मला कधीही न झालेल्या मुलाची आठवण आली. दंतवैद्याने एका म्हाताऱ्याचा अल्बम आणला होता, रिकाम्या पाण्याच्या टाकीत उभे राहून गायलेला, शब्द नाहीत, ताल नाही. तो संपल्यावर कुणाच्या तरी नाक ओढण्याचा आवाज आला आणि कुणाचे ते कुणी विचारले नाही. लोकांना मेटल म्हणजे आरडाओरडा वाटतो. आम्ही आरडाओरड्यात निवांत असायचो. घाबरायचो ते या हळू आवाजांना, आणि त्यासाठीच एकमेकांची सोबत लागायची.

कलम पाच. त्या रविवारी पाळी धाकट्याची होती. "आज तुमची हाडं खिळखिळी करतो," म्हणाला आणि तबकडी लावून आपल्या खुर्चीत बसला. मी दिवा बंद केला. बंद पडलेल्या कारखान्याच्या नळांमध्ये दोन माणसांनी फुंकलेला श्वास, एवढेच त्या अल्बममध्ये आहे. हे मला नंतर कव्हरावरून कळले. पहिल्या बाजूच्या शेवटाकडे एक आवाज आला, घशात पाणी अडकलेले असताना कुणी श्वास ओढावा तसा. तो थांबला. मग टक, टक, टक. बराच वेळ नुसती टकटक.

मला ती टकटक फार आवडली. वा, असे काही ठेवायला छाती लागते, असे मी मनात म्हटले. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

बाजू संपली होती आणि सुई शेवटच्या चरीत गोल फिरत होती. तबकडी उलटायला ज्याने उठायचे तो उठण्यासारखा राहिला नव्हता. आम्ही तिघे जाणकार भिंतीकडे तोंड करून दाद देत बसलो होतो. शेवटी भोंगा म्हणाला, "धाकट्या, पुरे की आता." उत्तर आले नाही, तेव्हा मी दिवा लावला.

रुग्णालयातला डॉक्टर म्हणाला, "थोडं आधी आणलं असतं तर..." आणि थांबला. पुढचे वाक्य गेली अकरा वर्षे मीच पूर्ण करते आहे.

तिथल्याच बाकावर मी दंतवैद्याला धरले. "तुमची खुर्ची त्याच्या सगळ्यात जवळ होती. तो आवाज आला नाही तुम्हाला?"

"आला. मला रेकॉर्डमधला वाटला."

"दातांचे का असेना, डॉक्टर ना तुम्ही? माणूस मरतोय हे कळू नये?"

तो बाकावरून उठला. मग म्हणाला, "मागे वळायचं नाही हा नियम तुमचा होता, ताई."

त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. माझी दाढ दुखली तेव्हा मी गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उपटून घेतली. फाडलेल्या मृत्युपत्राचे पहिलेच कलम होते की दंतवैद्याला माझ्या मयताच्या आसपास फिरकू देऊ नये.

ती तबकडी भंगारातून वाचली, कारण ती माझ्या यंत्रावर होती. कव्हरात घालून मी ती कपाटावर ठेवली आणि तिच्याकडे पाहिले नाही. मागच्या महिन्यात भाची माझ्याजवळ बसली होती. म्हणाली, "आत्या, तुझा डोळा लागला ना, की छातीतून एक आवाज येतो. मला भीती वाटते."

"कसा येतो?"

तिने घशातून काढून दाखवला. मी तिला म्हटले, कपाटावरून ती तबकडी काढ आणि पहिली बाजू लाव.

माझा हिशेब साधा होता. आता खोलीत धाकटा नाही. म्हणजे तो आवाज जिथे होता ती जागा रिकामी येईल, आणि दंतवैद्याने आपल्या मित्राचा शेवटचा श्वास ऐकूनही तो बसून राहिला हे एकदाचे सिद्ध होईल. मला ते मरण्यापूर्वी हवे होते. दोघी ऐकत बसलो. ती जागा आली. आणि आवाज आला. तोच, घसा, पाणी, ओढलेला श्वास, आणि मग थांबलेला. तबकडीतच होता.

भाचीने विचारले, "हाच तो?"

"हाच."

"मग बाबांचा आवाज कुठला?"

तो कदाचित आवाज न करताच गेला. किंवा ज्याने इतक्या हौसेने आम्हाला ते ऐकवायला आणले, त्याचा स्वतःचा आवाज त्याखाली दबला. दंतवैद्य खरे बोलला होता. त्याने जे ऐकले ते रेकॉर्डमधलेच होते, आणि अकरा वर्षे मी त्याला खुनी मानून चहा प्यायले. मी रडले. भाचीही रडली. मग टकटक सुरू झाली, तशी ती लगेच उठली आणि तिने सुई उचलली. तिला कुणी नियम सांगितलेला नव्हता.

सबब आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ही तबकडी मी दंतवैद्याच्या नावे करीत आहे. तिची दुसरी बाजू आमच्यापैकी कुणीही ऐकलेली नाही. मेटलबाहेरच्या माझ्या बाकी सर्व तबकड्या दंतवैद्य आणि भाची यांच्या सामाईक मालकीच्या राहतील. त्यांची वाटणी करता येणार नाही, म्हणजे ऐकायचे तर दोघांना एका खोलीत यावे लागेल. मेटलचा संग्रह एकट्या भाचीला. तिला तो आवडत नाही, तिचे नशीब.

नियम माझा होता हे दंतवैद्याचे म्हणणे मला मान्य आहे. पण ते त्या बाकावर, त्या घडीला म्हणायला नको होते, हेही मी लिहून ठेवते. दोन्ही खरे आहे.

कलम सहा. दुसरी बाजू ऐकण्याची पद्धत पुढीलप्रमाणे असावी. भोंग्याला मी दंतवैद्याकडे पाठवले होते. दंतवैद्याने आधी विचारले, "ताईंनी बोलावलंय की त्यांच्या कागदाने?" भोंगा म्हणाला, ताईंनी. तेव्हा येत्या रविवारी येतो म्हणाला. तोवर थांबायचा मी प्रयत्न करीन, वचन देत नाही. मी नसले तरी बैठक पुढे ढकलू नये. माझी खुर्ची आठवण म्हणून रिकामी ठेवायचा पोरकटपणा करू नये, तिच्यावर भाचीने बसावे. दिवा चालू ठेवावा. खुर्च्या एकमेकांकडे तोंड करून मांडाव्यात. कुणाला हसू आले तर हसावे, रडू आले तर त्याला रडू द्यावे. कुणी खोकले तर बाकीच्यांनी काय झाले ते विचारावे, संगीताचा बेरंग झाला तरी विचारावे. आणि टकटक सुरू झाली की कितीही आवडली तरी कुणीतरी उठावे.

कलम सात. भोंग्याला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही. ज्याला मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकिलांनी सांगितले. तसे मी भोंग्याला कळवले, तर म्हणाला, "ताई, मला काही नको. त्या दिवशी मी काहीच बघितलं नाही. आज बघून सही करू द्या."

वरील मजकूर मी लिहिला, मीच वाचला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे. दम लागल्यामुळे सही वाकडी आली आहे, तिला खोटी समजू नये.

स्थळ: दुकानामागची खोली. सहीसाठी मला वरून उचलून खाली आणले.
तारीख: बैठकीच्या आधीचा गुरुवार, दुपार.

सही: गादीवाली ताई

साक्षीदार एक: समोरचा सुतार. सही माझ्यासमोर झाली. हातोडीचा दांडा आधीच तडकलेला होता.

साक्षीदार दोन: बसस्थानकावरचा भोंगा. सही माझ्यासमोर झाली. दिवा चालू होता आणि ताईंचं तोंड आमच्याकडे होतं.